विश्लेषण : मसुराच्या दाण्याएवढ्या गोगलगायीने इंग्लंडमधील हजारो घरे का अडवली?

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात २०२१ पासून चार वर्षे हजारो नव्या घरांच्या परवानग्या रखडल्या. अडथळ्याचे कारण म्हणून एका गोगलगायीचे नाव पुढे आले. तिचा व्यास जेमतेम पाच मिलिमीटर, आणि ती राहते कुरणांमधल्या पाण्याच्या चरांत. ‘माणसांच्या घरांपेक्षा गोगलगाय महत्त्वाची का?’ असा प्रश्न तिथे विचारला गेला. पण घरे खरोखर गोगलगायीने अडवली होती की पाण्याच्या टंचाईने? शेतातल्या चरासारख्या दुर्लक्षित जागेला एवढे महत्त्व का आले? आणि महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना छळणारी गोगलगाय आणि ही गोगलगाय यांत फरक काय?

नेमके काय घडले?

ससेक्समधील अरुण नदीच्या खोऱ्यात पुलबरो ब्रुक्स, अँबर्ली वाइल्ड ब्रुक्स आणि वॉल्टम ब्रुक्स ही सखल, पाणथळ कुरणे आहेत. युरोपीय महत्त्वाचे अधिवास म्हणून त्यांना कायद्याचे संरक्षण आहे आणि रामसर यादीतही त्यांचा समावेश आहे. याच परिसरात हार्डहॅम येथे सदर्न वॉटर ही कंपनी भूजल उपसते. उत्तर ससेक्समधील मोठ्या भागाला हे पाणी जाते.

सप्टेंबर २०२१ मध्ये ‘नॅचरल इंग्लंड’ या सरकारी निसर्ग सल्लागार संस्थेने भूमिका जाहीर केली. हार्डहॅमच्या उपशामुळे या पाणथळ जागांवर दुष्परिणाम होत नाही, असे खात्रीने म्हणता येत नाही, असे तिचे म्हणणे होते. त्यामुळे या पाण्यावर अवलंबून असलेल्या भागात नवीन बांधकामाने पाण्याची एकूण मागणी वाढवता कामा नये, ही अट आली. तिला ‘वॉटर न्यूट्रॅलिटी’ म्हटले गेले. हॉर्शम, क्रॉली आणि चिचेस्टर या स्थानिक प्रशासनांच्या हद्दीतील बरेच प्रकल्प तिच्या कक्षेत आले.

‘वॉटर न्यूट्रॅलिटी’चे गणित काय?

इंग्लंडमध्ये नव्या घराचे नियोजन करताना माणशी, दररोज १२५ लिटर पाणी ही नेहमीची कमाल मर्यादा असते. पाणी कमी असलेल्या भागांत स्थानिक प्रशासन ती ११० लिटरवर आणू शकते. उत्तर ससेक्समध्ये नव्या घरांसाठी ८५ लिटरचे लक्ष्य ठेवण्यात आले. कमी पाण्याचे नळ, छोट्या टाकीचे फ्लश, पावसाच्या पाण्याची साठवण अशा उपायांनी ते गाठायचे होते.

पण एवढ्यावर भागत नव्हते. तीन माणसांचे घर ८५ लिटरने चालले तरी दिवसाला २५५ लिटर पाणी लागतेच. तेवढे पाणी त्याच पुरवठा क्षेत्रात दुसरीकडे वाचवून दाखवायचे होते. जुन्या घरांत, शाळांत किंवा इतर इमारतींत पाणी वाचवणारी उपकरणे बसवून ही भरपाई करता येत होती. मोठ्या विकासकांना हे जमवणे महाग पडले, लहान विकासकांना तर अशक्यच झाले. परवानग्या रखडत गेल्या.

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस नॅचरल इंग्लंडने ही अट मागे घेतली. भूजल उपसा मर्यादेत ठेवण्याची जबाबदारी पाणी कंपनीवर टाकून हा मार्ग काढण्यात आला. त्याच सुमारास ब्रिटनच्या अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी एका कार्यक्रमात या गोगलगायीचा उल्लेख केला आणि तो गाजला. निसर्गप्रेमींनी त्यावर नाराजी व्यक्त केली.

ही गोगलगाय आहे तरी कशी?

इंग्रजीत तिला ‘लिटल व्हर्लपूल रॅम्सहॉर्न स्नेल’ म्हणतात. शास्त्रीय नाव अनिसस व्होर्टिक्युलस. रॅम्सहॉर्न म्हणजे मेंढ्याचे शिंग. तिचा शंख उंच न वाढता एकाच पातळीत वेटोळे घेतो, त्यामुळे तो चपट्या चकतीसारखा दिसतो. व्यास मसुराच्या दाण्याएवढा, जाडी मिलिमीटरच्या आसपास. पाण्यात तरंगणाऱ्या वनस्पतींमध्ये ती पृष्ठभागाजवळ वावरते.

रॅम्सहॉर्न कुळातील गोगलगायी पाण्यात राहत असल्या तरी हवेतून श्वास घेऊ शकतात. त्यांच्या रक्तात माणसाच्या रक्तासारखेच हिमोग्लोबिन असते. प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते. मात्र आयुष्य फार मोठे नसते. त्यामुळे एखाद्या चरात एक-दोन हंगाम वाईट गेले, तर तिथली पुढची पिढीच संपण्याचा धोका असतो.

इंग्लंडमध्ये ही प्रजाती आता प्रामुख्याने तीन भागांत उरली आहे : ससेक्समधील अरुण खोरे, त्याच परगण्यातील पेव्हन्सी लेव्हल्स आणि पूर्वेकडील नॉरफोक ब्रॉड्स. तिच्याच सोबतीने चमकदार शंखाची ‘शायनिंग रॅम्सहॉर्न’, ‘लार्ज-माउथ्ड व्हॉल्व्ह स्नेल’ आणि वाटाण्याच्या दाण्याहून लहान ‘पी मसल’ शिंपलेही अशाच चरांत तग धरून आहेत. शायनिंग रॅम्सहॉर्नच्या शंखात आतून पडदे असतात आणि त्यामुळे शंखाचे कप्पे पडतात. म्हणूनच तिचे शास्त्रीय नाव सेगमेंटिना असे पडले.

नदी-तलाव सोडून शेतातील चरच का?

एकेकाळी नद्यांच्या काठी पुराच्या पाण्याची डबकी, जुनी पात्रे आणि दलदली होत्या. संथ, स्वच्छ, उथळ आणि वनस्पतींनी भरलेले पाणी हे या प्रजातींचे मूळ घर. माणसाने नद्या बांधल्या, दलदली सुकवल्या आणि हे घर नाहीसे झाले. उरले ते शेतजमिनीचा निचरा करण्यासाठी खोदलेले चर.

पेव्हन्सी लेव्हल्स हे त्याचे चांगले उदाहरण आहे. १०६६ मध्ये विल्यम द कॉन्करर पेव्हन्सीला उतरला, तेव्हा आजच्या कुरणांच्या जागी भरती-ओहोटीचे पाणी येत होते. पुढे मध्ययुगात बांध घालून, चर खोदून ही जमीन समुद्राकडून मिळवली गेली. कोकण-गोव्यातील खाजणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही पद्धत लगेच कळेल : बांध, दरवाजे आणि पाणी खेळवणारे चर.

या कुरणांत चर हे एकाच वेळी तीन कामे करतात. पावसाचे पाणी वाहून नेतात, गुरांना पिण्याचे पाणी देतात आणि कुंपणाचेही काम करतात. शेकडो वर्षे शेतकऱ्याने ते आपल्या सोयीसाठी राखले. त्यातून नकळत दलदलीला पर्याय तयार झाला. आज या गोगलगायी वाचवायच्या तर शेती बंद करून चालत नाही. एका विशिष्ट प्रकारची शेती चालू राहावी लागते.

चर साफ करायचा की नाही?

संवर्धनातला सर्वांत नाजूक प्रश्न हाच आहे. चर नुकताच उपसला की पाणी मोकळे असते. हळूहळू पाण्याखालच्या आणि तरंगणाऱ्या वनस्पती वाढतात. मग काठावरचे बोरू-लव्हाळे आत सरकतात, गाळ साचतो आणि काही वर्षांत चर बुजून जमिनीला मिळतो. लिटल व्हर्लपूलला यातला मधला टप्पा हवा असतो. अगदी ताजा उपसलेला चर तिला चालत नाही, बुजत आलेलाही चालत नाही.

म्हणजे चर साफ केला नाही तर ती संपते आणि एकदम सगळा साफ केला तरी संपते. जेसीबीच्या एका फेरीत चराची संपूर्ण लांबी खरवडून निघाली, तर वनस्पतींबरोबर गोगलगायीही काठावर येऊन सुकून मरतात. यावर उपाय म्हणजे आळीपाळीने सफाई. एका वर्षी काही चर किंवा चराचा काही भागच उपसायचा. शक्य तेथे एका बाजूची वनस्पती तशीच ठेवायची. उरलेल्या भागातून गोगलगायी पुन्हा पसरतात. अशा रीतीने परिसरात कायम सगळ्या टप्प्यांतले चर उपलब्ध राहतात.

गुरांचाही यात वाटा आहे. पाणी प्यायला आलेल्या गाई काठ तुडवतात, तेव्हा चराच्या उभ्या कडा मोडून उथळ उतार तयार होतो. लव्हाळे खाल्ले गेल्याने पाण्यावर ऊन पडते. काठाला तारेचे कुंपण घालून गुरे दूर ठेवली, तर चर नीटनेटका दिसतो, पण काही वर्षांत सावलीने झाकला जातो.

मग संख्या घटली का?

पहिले कारण म्हणजे कुरणांची जागा नांगरटीच्या शेतीने घेतली. गहू पेरायचा तर जमीन कोरडी हवी. त्यासाठी पंप बसवून पाण्याची पातळी खाली नेली गेली. चर खोल झाले, काठ उभे झाले आणि उन्हाळ्यात पाणी तळाला गेले.

दुसरे कारण खते आणि सांडपाणी. पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस वाढले की शेवाळाचा जाड थर पृष्ठभाग व्यापतो. खाली प्रकाश पोहोचत नाही, पाण्यातील वनस्पती मरतात, त्या कुजताना प्राणवायू संपतो. वरून चर हिरवागार दिसतो, पण आतले जीवन संपलेले असते.

तिसरे कारण परकी वनस्पती. उत्तर अमेरिकेतून शोभेची म्हणून आलेली ‘फ्लोटिंग पेनीवर्ट’ अनुकूल हवामानात दिवसाला २० सेंटिमीटरपर्यंत पसरू शकते. पेव्हन्सीच्या चरांनाही तिने ग्रासले. पवना, मुळा-मुठा नद्यांवर जलपर्णीचा गालिचा पाहणाऱ्यांना ही समस्या वेगळी समजावून सांगायला नको. पेनीवर्टवरच जगणारा एक भुंगेरा २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये जैविक नियंत्रणासाठी सोडण्यात आला.

याशिवाय समुद्रकिनाऱ्याजवळच्या कुरणांना वाढत्या समुद्रपातळीचा धोका आहे. गोड्या पाण्याच्या चरात खारे पाणी शिरले, तर या प्रजातींना दुसरीकडे सरकायला जागाच नाही.

शेतकऱ्यांनी हे का करावे?

हा प्रश्न ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकातच ऐरणीवर आला. नॉरफोकमधील हॅलव्हरगेट येथे कुरणे नांगरून धान्य पिकवण्यासाठी सरकारी आणि युरोपीय अनुदान मिळत होते. त्याच वेळी दुसरी सरकारी यंत्रणा ती कुरणे वाचवू पाहत होती. सरकारचा एक हात नांगरण्यासाठी पैसे देत होता आणि दुसरा न नांगरण्याची विनंती करत होता. १९८४ मध्ये हा वाद देशभर गाजला.

त्यातून १९८५ मध्ये ‘ब्रॉड्स ग्रेझिंग मार्शेस’ योजना आली. कुरण कुरणच ठेवणाऱ्या शेतकऱ्याला एकरी वर्षाला ५० पौंड देण्यात आले. ही योजना यशस्वी ठरली आणि १९८७ पासून ‘पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे’ या नावाने हीच कल्पना इतरत्र राबवली गेली. निसर्ग राखणे हेही शेतकऱ्याचे काम आहे आणि त्याचा मोबदला मिळायला हवा, हे तत्त्व ब्रिटिश शेती धोरणात याच मार्गाने रुजले.

तरीही ओढाताण संपलेली नाही. वसंतात पाणी उंच ठेवले तर गोगलगायींना आणि पाणपक्ष्यांना फायदा होतो. शेतकऱ्याची गुरे मात्र ओल्या कुरणात उशिरा सोडावी लागतात. गोगलगायीमुळे लिव्हर फ्लूक होतो, ही धास्तीही असते. गुरांच्या यकृतातील या कृमीचा प्रसार ओलसर जमिनीतील विशिष्ट चिखली गोगलगायींमार्फत होतो. लिटल व्हर्लपूल ही त्यातली नव्हे. पण ओली कुरणे राखायची तर गुरांच्या तपासणीचा आणि औषधाचा खर्च धरावाच लागतो.

एवढा लहान जीव शोधतात कसा?

काम कष्टाचे आणि जुन्या पद्धतीचे आहे. चराच्या काठाशी बारीक जाळी फिरवून वनस्पतींसह नमुना काढायचा. तो पांढऱ्या ट्रेमध्ये पसरायचा आणि भिंग किंवा सूक्ष्मदर्शक वापरून एकेक शंख वेगळा करायचा. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या इतर रॅम्सहॉर्न गोगलगायी त्याच चरात असतात. शंखाचे वेढे आणि कडा पाहून फरक ओळखावा लागतो.

ब्रिटनमध्ये अशा नोंदींची परंपरा मोठी आहे. शंख-शिंपल्यांचा अभ्यास करणाऱ्या हौशी आणि व्यावसायिक मंडळींची ‘कॉन्कॉलॉजिकल सोसायटी’ १८७६ पासून काम करते. कुठली प्रजाती कधी, कुठे होती याच्या जुन्या नोंदी असल्यामुळेच आज घट मोजता येते. जिथे जुनी नोंद नाही, तिथे प्रजाती नाहीशी झाल्याचेही कळत नाही.

गोगलगायी उचलून दुसरीकडे ठेवता येणार नाहीत का?

नॉरफोकमध्ये ए-४७ रस्त्याच्या ‘एकल स्ट्रेट’ या टप्प्याच्या रुंदीकरणाचा विचार होत असताना हाच प्रश्न आला. सरळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या चरांत लिटल व्हर्लपूल राहते. स्थलांतर शक्य आहे का, हे पाहण्यासाठी गोगलगायी दुसऱ्या चरांत सोडण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला.

अडचण हलवण्यात नाही. पाच मिलिमीटरचा जीव बादलीतून नेता येतो. नव्या चरातील पाण्याची पातळी, चुन्याचे प्रमाण, वनस्पतींचा टप्पा आणि सफाईचे वेळापत्रक हे सगळे जुळावे लागते आणि पुढील अनेक वर्षे टिकावे लागते. सोडलेल्या गोगलगायी पहिल्या वर्षी दिसल्या म्हणजे प्रयोग यशस्वी झाला, असे म्हणता येत नाही. त्यांच्या पुढच्या पिढ्या दिसाव्या लागतात.

एका गोगलगायीसाठी एवढा खटाटोप कशासाठी?

याची दोन उत्तरे आहेत. पहिले जगाच्या पातळीवरचे. २००४ मध्ये ‘बायोसायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार, सन १५०० नंतर नामशेष झाल्याची नोंद असलेल्या ६९३ प्राणी प्रजातींपैकी २९१ म्हणजे ४२ टक्के प्रजाती शंख-शिंपले वर्गातील होत्या. त्यातील जवळपास सगळ्या जमिनीवरच्या किंवा गोड्या पाण्यातल्या होत्या. वाघ, गेंडा यांची चर्चा होते. प्रत्यक्षात सर्वाधिक नोंदलेले बळी गोगलगायींचे आहेत.

दुसरे उत्तर चराच्या पातळीवरचे. गोगलगायी वनस्पतींवरचे शेवाळ खरवडून खातात, शिंपले पाणी गाळतात. मासे, पक्षी आणि पाणकीटक त्यांच्यावर जगतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या कुठे निघून जाऊ शकत नाहीत. पाणी बिघडले की पक्षी उडून जातो, मासा पोहून जातो. गोगलगाय तिथेच मरते. म्हणून ती त्या पाण्याचा हिशेब देते.

ससेक्समधील वादाकडे याच नजरेने पाहावे लागते. घरांना पाणी हवे होते, ते जमिनीखालून येत होते आणि तेच पाणी कुरणांनाही लागत होते. गोगलगाय नसती तरी भूजल तेवढेच राहिले असते. तिच्या कायदेशीर संरक्षणामुळे एवढेच झाले की, उपसा किती करायचा हा प्रश्न पाण्याचा साठा आटण्याआधी विचारला गेला. अट महाग होती आणि तिचा भार घर घेणाऱ्यांवर पडला, ही तक्रारही खरी आहे. मुळात हा भार पाणी कंपनीच्या गळत्या, नवे साठे आणि उपशाचा परवाना यांवर आधीच पडायला हवा होता.

मराठवाड्यातील गोगलगाय वेगळी कशी?

महाराष्ट्रात गोगलगाय म्हटले की शेतकऱ्यांना २०२२ चा खरीप आठवतो. लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. ही मूळची आफ्रिकेतील, जमिनीवर राहणारी, हाताच्या मुठीएवढी होऊ शकणारी आक्रमक प्रजाती आहे. तिचा बंदोबस्त करायलाच हवा. चरातल्या पाण्यात राहणाऱ्या देशी गोगलगायी आणि शिंपले पिकाला हात लावत नाहीत.

शंखी गोगलगायीसाठी हाताने वेचून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवणे आणि मेटाल्डीहाईडच्या गोळ्या वापरणे हे उपाय सांगितले जातात. याच मेटाल्डीहाईडच्या शेतात आणि बागेत वापरावर ब्रिटनमध्ये २०२२ च्या वसंतापासून बंदी आहे. पक्षी आणि सस्तन प्राण्यांना असलेला धोका हे त्याचे कारण. तिथे हे रसायन शेतातून वाहून पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांतही सापडत असे. त्यामुळे गोळ्या वापरायच्याच तर ओढा, विहीर आणि चारीपासून लांब, पाऊस नसताना आणि सांगितलेल्या मात्रेतच वापरणे शहाणपणाचे.

सह्याद्रीत असे काही आहे का?

आहे, आणि ते जगात दुसरीकडे कुठेच नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील सह्याद्रीत धबधब्यांच्या ओल्या कातळांवर क्रेमनोकॉन्कस नावाच्या छोट्या गोगलगायी राहतात. त्यांचे सगळे कुळ समुद्रकिनाऱ्यावरचे आहे. हीच एक शाखा घाटमाथ्याच्या गोड्या पाण्यात जगते. विल्यम ब्लॅनफर्ड या भूवैज्ञानिकाने १९ व्या शतकात हा गट शास्त्राला करून दिला. २०१३ मध्ये डेव्हिड रीड, एन. ए. अरविंद आणि एन. ए. मध्यस्थ यांनी त्यातील सहा नव्या प्रजातींचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे दीडशे वर्षांनंतरही नवे सापडत होते.

भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत शंख-शिंपले आहेत, पण ते मुख्यतः समुद्रातील. ओढ्या-चाऱ्यांतील जीवांकडे लक्ष फारसे जात नाही. ओढा खोलीकरण, नाला सरळीकरण किंवा गाळ काढण्याचे काम निघाले की यंत्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. पाणी साठवण्यासाठी ही कामे गरजेची असतात. पण इंग्लंडमधल्या चरांचा साधा धडा इथेही लागू पडतो : सगळा ओढा एकाच वर्षी उकरू नये. काही भाग तसाच सोडावा. खर्च तेवढाच राहतो, फक्त तो दोन-तीन वर्षांत विभागावा लागतो. त्याआधी कुणीतरी पाण्यात चाळणी घालून तिथे काय जगते, याची नोंद केली तर उत्तमच.